डेक्कन ०२ ची डावी बाजू

ब्राउनश्वाइग, बुधवार, ३ मे २००६

आज दुपारी पोहोचलो. विश्वचषक फुटबॉलच्या वार्तांकनाला संपादकांनी मला धाडलं याचं कार्यालयात अनेकांना नवल वाटलं. सर्वांत जास्त मला. संस्कृत घेऊन एम. ए. झालेला, तीस वर्षं क्रिकेट आणि साहित्य संमेलनं यांवर लिहिणारा (दोन्हीकडे खेळापेक्षा पंचांवरचा वाद अधिक रंगतो) चौपन्न वर्षांचा मनुष्य फुटबॉलबद्दल काय सांगणार? पण माझी धाकटी बहीण जर्मनीत राहते. ही अर्हता दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

संपादकांची अट एकच. "नुसती वर्णनं नकोत, दत्तात्रयराव. संघाची बलस्थानं, कच्चे दुवे, व्यूह, असं काहीतरी नेमकं लिहा." स्पर्धेला पाच आठवडे आहेत. तेवढ्यात विद्या पदरात पाडून घ्यायची.

"सरावाला आमचा संघ घ्या की, दादा," मेहुणे म्हणाले. "दोषांचा तुटवडा पडणार नाही."

मेहुणे म्हणजे यशवंतराव, ऊर्मिलेचे यजमान. वय सेहेचाळीस. आठवडाभर मोटारींच्या ब्रेकवर काम, आणि शनिवारी 'डेक्कन ०२' या संघाचे कप्तान. इकडे क्लबच्या नावाला जन्मसाल चिकटवायची रीत आहे. आपल्याकडे लावली असती तर निम्म्या संस्थांनी वय चोरलं असतं. संघात बहुतेक मराठी इंजिनिअर आणि विद्यापीठातले संशोधक. हौशी लीगमध्ये आठ संघ आहेत आणि डेक्कन गेली तीन वर्षं आठवा आहे. यंदा सातवं यायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा.

ऊर्मिला चहा ओतता ओतता म्हणाली, "दादा, तू तरी सांग ह्यांना. उणे अकराचा नंबर आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी लग्नाआधीच बजावलंय, डोक्याला दणका नको, डोळ्यातला पडदा सुटेल. आणि हे लेन्स घालून डोक्याने चेंडू मारतात."

"वीस वर्षं मारतोय," यशवंतराव म्हणाले. "पडदा पुणेरी भाडेकरूसारखा आहे गं. जागा सोडत नाही."

मी हसलो. सांगितलं काहीच नाही. जावयाला त्याच्या तोंडावर उणं बोलायचं नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. वय, पगार, चूक, काहीही असो. जावई तो जावई. मी आठ वर्षांनी मोठा असून त्यांना अहो-जाहो करतो.

गुरुवार, ४ मे

सकाळी बाल्कनीत बसलो होतो. यशवंतराव डाव्या डोळ्यासमोरून सारखा हात फिरवत होते.

"जर्मनीत डास?" मी विचारलं.

"चिलटं आहेत हो. दोन दिवस पिच्छा सोडत नाहीत."

मला एकही दिसलं नाही. जर्मन चिलटं पाहुण्यांना भीत असावीत.

शनिवार, ६ मे

पहिला पाठ. डेक्कन १, समोरचा संघ १.

मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलो. चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे. ही मांडणी डेक्कन पहिली दहा मिनिटं पाळतो. मग लग्नाच्या पंगतीत होतं तसं सगळे जिथे वाढपी तिथे. तरीही संघ उभा राहतो तो यशवंतरावांमुळे. मधल्या दोघा बचावपटूंपैकी ते डावे. उंच, सावकाश, पण नजर सगळीकडे. आमच्या संस्कृतवाल्यांचा काकाक्षिगोलक न्याय आहे: कावळ्याला बुबुळ एकच, तेच तो दोन्ही डोळ्यांत फिरवतो. यशवंतराव तसे; उजवीकडचं संपवून डावीकडे हजर. आणि कॉर्नर मिळाला की पुढे जाऊन डोकं लावतात. आजचा गोल त्यांचाच.

त्यांच्या डावीकडे, अगदी कडेला, संपदा खेळते. हौशी लीगमध्ये स्त्री-पुरुष एकत्र चालतात. कोल्हापूरची आहे, इथे विद्यापीठात पीएच. डी. करते. तिच्या घरी पेठेतल्या तालमीचा फुटबॉल. भाऊ, चुलते, सगळे त्यात. मी तिला विचारलं, डाव्या बचावपटूचं काम काय?

"पुढं पळायचं, काका. आणि मागं कोणतरी सांभाळतंय असा विश्वास ठेवायचा."

बुद्धिमान मुलगी. जरा धीट.

शनिवार, १३ मे

डेक्कन २, समोरचे २. यशवंतरावांचे डोक्याने दोन. दुसरा मारला तेव्हा आवाज कडेपर्यंत आला. नारळ वाढवल्यासारखा.

संध्याकाळी सगळे चालत घरी आलो. स्वच्छ ऊन, इथे मे महिन्यात सात वाजतासुद्धा सूर्याला घरी जायचं नसतं. वाटेत यशवंतराव थबकले.

"वीज चमकली का आत्ता? डावीकडे?"

"नाइन, पापा," स्वरूपा म्हणाली, म्हणजे नाही. भाची अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये.

मी म्हणालो, दोन गोल केल्यावर आकाशातून पुष्पवृष्टी व्हायची आपल्याकडे. जर्मनीत बहुधा आतषबाजी होते. यशवंतराव हसले, पण जरा उशिरा.

मंगळवार, १६ मे

पांढऱ्या शतावरीचे दिवस आहेत. ऊर्मिलेने वाफवून वर तूप घातलं. जर्मन लोक लोणी घालतात. आम्ही त्यांचा उद्धार केला. यशवंतरावांच्या डाव्या कोपराने पाण्याचा पेला लवंडला. या आठवड्यातला दुसरा. ऊर्मिला आता पेला त्यांच्या उजवीकडे ठेवते.

शनिवार, २० मे

डेक्कन १, समोरचे ३.

तिन्ही गोल डावीकडून. विद्या येऊ लागली असावी, कारण मला कारण दिसलं. संपदा पुढे जाते, ते ठीकच. तिच्या मागची जागा यशवंतरावांनी सरकून भरायची. आज ते सरकलेच नाहीत. समोरचा गडी त्यांच्या डाव्या खांद्यापासून हाताच्या अंतरावरून गेला आणि ह्यांना तो गेल्यावर कळलं. तीनदा. तोच मनुष्य उजवीकडे मात्र पहिल्यासारखा चपळ. दोन आठवड्यांपूर्वीचा कावळा आज एकाच बाजूचं पाहत होता.

वय असेल. आळस असेल. किंवा डोक्यात ब्रेक.

घरी आल्या आल्या अहवालाला बसणार होतो, पण वाक्य जमेना.

रविवार, २१ मे

अहवाल लिहिला. चार पानं. संपादकांना नमुना म्हणून पाठवायचा आणि संघाला वाचायला द्यायचा. यशवंतरावांनीच मागितलाय: "दादा, स्पष्ट लिहा हं. भीडभाड नको."

भीडभाड नको म्हणणाऱ्याची भीड सर्वांत जास्त असते.

बलस्थानं लिहिणं सोपं गेलं. कॉर्नरवरचे हेडर, उजव्या बाजूचे आखूड, नेमके पास, पराभवानंतरही उत्तम राहणारी भूक. दोषांत डावी बाजू आली. ताटाची डावी बाजू म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मापाने थोडी, पण ती फसली की जेवण फसलं, असा दृष्टान्त दिला. इथवर छान. मग नाव घालायची वेळ आली.

'यशवंतराव डावीकडे पाहत नाहीत' असं लिहिलं. खोडलं. बहिणीच्या घरात दोन महिने जेवायचं, आणि तिच्या नवऱ्याबद्दल त्याच्याच माणसांत हे वाचून दाखवायचं? अप्रिय सत्य बोलू नये, असं आपल्याकडे सांगूनच ठेवलंय. शेवटी लिहिलं: 'डाव्या बाजूस संपदा स्थान सोडून वारंवार पुढे जाते, त्यामुळे पडणारं खिंडार हा संघाचा मुख्य दोष होय.'

लेकी बोले सुने लागे. यशवंतराव हुशार आहेत. खिंडार कोणी भरायचं होतं, हे त्यांचं त्यांना उमजेल. संपदा तरुण आहे, मनाला लावून घेणार नाही.

सोमवार, २२ मे

अहवाल वाचला गेला. ताटाच्या दृष्टान्ताला दाद मिळाली. संपदाने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी चष्मा पुसायला घेतला.

यशवंतराव फार खूश. इतके, की मला खटकलं. "दादा, नेमकं बोट ठेवलंत. संपदाच! मी उगाच भलतंसलतं मनात घेत होतो." सुनेला काही लागलेलं दिसलं नाही.

बुधवार, २४ मे

उद्या सुट्टी म्हणून सगळीकडे लगबग. यशवंतरावांच्या पाकिटात मला मागे एक कार्ड दिसलं होतं, आज साडेदहाची वेळ, कुठल्याशा डॉक्टरांची. इथे डॉक्टरांची वेळ ही लग्नाच्या मुहूर्तापेक्षा दुर्मीळ. तिला टेर्मिन म्हणतात आणि तो शब्द हात जोडूनच उच्चारतात. ते कार्ड आज केराच्या टोपलीत दिसलं. म्हटलं, हे कसं? म्हणाले, "गरज उरली नाही, दादा. फोन करून रद्द केली. कोणा गरजूला मिळेल."

नागरिकभावना अशी असावी.

शनिवार, २७ मे

डेक्कन ०, समोरचे ४.

माझ्या अहवालाला मान देऊन कप्तानांनी संपदाला बसवलं. तिच्या जागी प्रसन्न नावाचा पोरगेला इंजिनिअर. त्याला ताकीद, की जागा सोडायची नाही. त्याने खांबासारखी सोडली नाही. चारही गोल डावीकडूनच झाले.

संपदा मैदानाच्या कडेला लहानसा कॅमेरा घेऊन उभी होती. टाळ्याही वाजवत होती, तेवढ्यातल्या तेवढ्यात.

अहवालात काहीतरी चुकलंय, असं वाटू लागलंय. काय, ते मला ठाऊक आहे आणि ते मी इथेही लिहीत नाहीये.

मंगळवार, ३० मे

दुपारी घरी मी एकटाच. संपदा आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, कॅमेरा टेबलावर ठेवला.

"काका, राग मानू नका, पण तुमचा अहवाल चुकलाय."

"बाळ, संघहितासाठी कधी कधी..."

"मला बसवलं त्याचं काय नाही ओ. आमच्या पेठेत असं लिहिलं असतंत तर मैदानात दगड आले असते. ते सोडा. हे बघा." तिने मॅचचं चित्रण लावलं. "मी मोजलंय. शनिवारी डावीकडनं चेंडू सत्तावीस वेळा आला. सत्तावीस वेळा यशवंतदादांनी मान वळवली ती चेंडू नाकासमोर आल्यावर. उजवीकडनं आला की आधीच ठाऊक. हा आळस नाही, काका. त्यांना दिसत नाही."

मी त्या लहानशा पडद्यावर पाहत राहिलो. यशवंतराव शांतपणे समोर बघताहेत, आणि डावीकडून एक मनुष्य धावत येतोय. मैदानातल्या सर्वांना दिसतोय.

"आमच्या आजोबांचं असंच झालेलं. कुस्तीत मार बसलेला. डोळ्यावर सावली आली म्हणायचे, ती वाढत गेली. गेला डोळा." ती उठली. "तुम्ही सांगा. आजच सांगा. मी सांगितलं तर काढल्याचा राग म्हणतील."

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी यशवंतराव आले ते थकून. कामावर काहीतरी बिनसलं होतं. जेवताना सांगणं बरं दिसेना.

बुधवार, ३१ मे

सांगितलं नाही. पहिला लेख पाठवायचा होता.

गुरुवार, १ जून

आज सुरुवात केली. "यशवंतराव, तुमचे डोळे..." ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "लाल दिसताहेत, झोप होत नाही का?" ऊर्मिला म्हणाली, "बघ, दादालासुद्धा दिसलं."

शनिवारची मॅच होऊ दे. कप्तानाचं मन मॅचआधी मोडू नये. रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, निवांत सांगेन.

रविवार, ४ जून

निवांतपणा राहिला नाही.

काल संपदा पुन्हा संघात होती, तिची तिनेच मागून घेतलेली जागा. पुढे गेलीच नाही. पूर्ण वेळ यशवंतरावांच्या डाव्या हाताशी, आणि ओरडत: "दादा, डावीकडं! आला! सोडा, माझा!" तिच्या त्या ओरडण्यावर त्यांचा खेळ चालला होता. सत्तर मिनिटं एकही गोल डावीकडून झाला नाही. मी वहीत लिहिलं, 'डावी बाजू सुधारली.' लाज वाटण्याइतकं ते खरं होतं.

मग डेक्कनला कॉर्नर मिळाला. यशवंतराव पुढे गेले, उडी मारली, डोकं लावलं. गोल. सगळे त्यांच्याकडे धावले. ते खाली बसले होते. मला वाटलं, दम लागला.

मी जवळ गेलो तर उजवा डोळा हाताने झाकून एकट्या डाव्याने माझ्याकडे पाहत होते. "दादा, तुम्ही आहात ना इथे? डावीकडून काळं आलंय. पार मधोमध."

क्लिनिकमध्ये, सणाचा शनिवार असूनही, तरुण डॉक्टरीणबाई लगेच आल्या. डोळ्यात थेंब घातले, प्रकाश टाकला, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "झाइट वान?" कधीपासून?

"आजच," यशवंतराव म्हणाले.

बाईंनी मान हलवली. असं एका दिवसात होत नसतं म्हणाल्या. नीट आठवा. आधी ठिपके? लखलखाट? कडेला सावली?

माझ्या पिशवीत ही वही होती. मैदानावरून तशीच आलेली. मी ती उघडली आणि वाचू लागलो. ऊर्मिला शेजारी उभी राहून जर्मनमध्ये सांगत गेली.

चार मे: डाव्या डोळ्यासमोर चिलटं. मला एकही दिसलं नाही.

तेरा मे: वीज चमकली का. स्वच्छ ऊन.

सोळा मे: डावीकडचा पेला. दुसरा.

वीस मे: डाव्या खांद्याजवळून गेलेला मनुष्य. तीनदा.

बाई लिहून घेत होत्या. "गेनाऊ," मध्येच एकदा म्हणाल्या, म्हणजे अगदी बरोबर. तीस वर्षांत माझ्या वार्तांकनाला अशी पावती कोणी दिली नव्हती. तीस मेचं संपदाचं 'त्यांना दिसत नाही' आणि माझं 'सांगतो' आलं, तिथे ऊर्मिला अडखळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पूर्ण वाक्य सांगितलं, एक शब्द न गाळता.

बुधवार, ७ जून

सोमवारी ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय. तो पडद्याला मागे दाबून धरतो. त्यासाठी दोन आठवडे पालथं राहायचं, तोंड जमिनीकडे. आज घरी आणलं. दिवाणखान्यात गादी घातली आहे, कपाळाखाली उशीचं वेटोळं. यशवंतराव फरशीशी बोलतात आणि आम्ही त्यांच्या पाठीशी.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी जे सांगितलं ते ऊर्मिलेने मला आज सांगितलं, भाजी निवडताना. पडदा कडेकडून सुटत गेला, दोनेक आठवडे. तोवर आले असते तर बहुतेक सगळी नजर राहिली असती. शनिवारी मधला भाग सुटला. आता पडदा चिकटेल, सावली हटेल, पण त्या डोळ्याने वाचता येईल असं त्या म्हणत नाहीत. गाडी तर इतक्यात नाहीच.

"तू सगळं लिहून ठेवलंस, दादा," ती म्हणाली. "तारखेसकट. बोलला मात्र एक अक्षर नाहीस."

मी शेंगा सोलत होतो. सोलत राहिलो.

शुक्रवार, ९ जून

विश्वचषक सुरू झाला. शहरभर झेंडे. मी सामना दूरदर्शनवर पाहून लेख पाठवला: दोन्ही संघांची बलस्थानं, कच्चे दुवे. संपादकांचं उत्तर, "वा! काय सूक्ष्म नजर आहे!"

रविवार, ११ जून

दुपारी यशवंतरावांजवळ बसलो होतो. ऊर्मिला आणि स्वरूपा बाहेर गेलेल्या. फरशीकडून आवाज आला.

"दादा, एक सांगू? कोणाला बोललो नाहीये."

"सांगा."

"ती चोवीस तारखेची टेर्मिन डोळ्याच्या डॉक्टरांची होती. चिलटं, मग वीज, मग डावीकडचं हुकायला लागलं. मला शंका आली होती हो. ऊर्मिला घाबरेल म्हणून मीच गुपचूप घेतली होती वेळ." त्यांनी कपाळाखालचं वेटोळं सरकवलं. "मग तुमचा अहवाल आला. काय सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, डोळा नाही, संपदा आहे. तिऱ्हाइताने बाहेरून बघून लिहिलंय, तेही तुमच्यासारख्या काटेकोर माणसाने. फोन केला आणि रद्द केली."

मला काहीतरी म्हणायचं होतं. संस्कृतात, मराठीत, काहीही. सुचलं ते एवढंच, की अप्रिय सत्य बोलू नये असं जिथे सांगितलंय, तिथेच पुढच्या चरणात प्रिय असत्यही बोलू नये असं सांगितलंय. शाळेत दोन्ही पाठ होते. मी अर्ध्यावर थांबलो, कारण अर्धंच सोयीचं होतं.

"यशवंतराव, मला दिसलं होतं," मी म्हणालो. "वीस तारखेलाच. मी तुमचं नाव लिहून खोडलं."

पन्नास मिनिटं झाल्यावर दहा मिनिटं उठून बसायची मुभा असते. त्यांनी ती घेतली नाही.

सोमवार, १२ जून

संपदाच्या खोलीवर गेलो. तिसरा मजला, सायकली ओलांडत. दारातच माफी मागितली. पूर्ण, कारणासकट, जावई, वडिलांचा नियम, लेकी बोले सुने लागे, सगळं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि ती लेक मी काय?"

"हो."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटायचं, मला खेळता येत नाही म्हणून लिहिलंत." तिने चहा टाकला. "मी पण तीस तारखेला तुमच्यावर सोडून गेले, काका. सरळ त्यांनाच धरून सांगायला पाहिजे होतं. मलाबी मान आडवा आला."

चहा झाल्यावर तिने वही पुढे सरकवली. "शनिवारी शेवटची मॅच. अग्निशामक दलाच्या लोकांशी. मी कप्तान आहे. त्यांचा अहवाल पाहिजे, आणि आमचाही. नावं घालून."

शनिवार, १७ जून

डेक्कन ०, अग्निशामक १. हरलो, आणि चौथ्या वर्षीही आठवे. गोल उजवीकडून झाला. डावी बाजू नव्वद मिनिटं अभेद्य होती. कॉर्नर सात मिळाले. सातही वेळा चेंडू जिथे यशवंतरावांचं डोकं असायचं तिथून रिकामा गेला.

रविवार, १८ जून

सकाळी यशवंतरावांनीच विषय काढला. अकरा तारखेनंतर आमचं बोलणं 'उशी सरकवू का' आणि 'हो' एवढंच होतं.

"संपदा फोनवर म्हणत होती, तुम्ही नवा अहवाल लिहिलाय."

"लिहिलाय."

"वाचा की."

खुर्चीत बसून वाचवेना. त्यांच्या गादीशेजारी फरशीवर बसलो, डाव्या बाजूला. ऊर्मिला स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, स्वरूपा तिच्या पुढ्यात. कागदावर पहिली ओळ मीच लिहिली होती, तरी वाचायला वेळ लागला.

"'कप्तान यशवंतराव यांना डावीकडचं दिसत नाही. सहा मे रोजी दिसत होतं. वीस मे रोजी दिसत नव्हतं. संपदाने आपली जागा कधीही चुकीची सोडली नाही.'"

मी थांबलो.

"हे वाक्य त्या वेळी लिहिलं असतंत," यशवंतराव म्हणाले, "तर मला राग आला असता."

"हो."

"सगळ्यांदेखत. फार राग आला असता. चार दिवस बोललो नसतो तुमच्याशी."

"हो."

"आणि चोवीस तारखेला गेलो असतो."

ऊर्मिला आत वळली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मला कागदावरची अक्षरं नीट दिसेनात; मी चष्मा पुसायला घेतला.

"वाचा, दादा," ते फरशीला म्हणाले. "पुढे काय लिहिलंय?"

मी पुढे वाचलं.